मातीतलं विष काढायचं, पण ठेवायचं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुमारे १००० चौरस मीटर जमीन घेतलीत. तिथे पूर्वी कीटकनाशकांचं गोदाम होतं आणि फवारणीचे पंप तिथेच भरले-धुतले जायचे. गोदाम पडलं, चौथरा शिल्लक आहे. दोन ठिकाणची माती तपासलीत. एका नमुन्यात डीडीटी आणि त्याचे अवशेष मिळून किलोला ३८ मिलिग्रॅम आणि डिल्ड्रिन १.२ मिलिग्रॅम निघालं, दुसऱ्यात नगण्य. तिथे भाजी लावायची आहे, कोंबड्या ठेवायच्या आहेत, घरात लहान मुलं आहेत. कुणी चुना टाका म्हणालं, कुणी जिवाणूंचं द्रावण सुचवलं, कुणी सूर्यफूल लावा म्हणालं. तुम्हाला हवी आहे ती माती ‘पूर्ण शुद्ध’ करायची पद्धत.

गेली अठरा वर्षं मी दूषित जमिनी तपासण्याचं आणि साफ करण्याचं काम करते, म्हणून सुरुवातीलाच थोडा रसभंग करते. या जातीची रसायनं मातीतून जवळजवळ पूर्ण घालवता येतात, पण ज्या पद्धतींनी घालवता येतात त्या एका घराच्या आवाक्यातल्या नाहीत. आवाक्यातलं जे आहे तेही कमी नाही, आणि तुमच्या जागेपुरतं ते पुरेल अशी मला बरीच आशा आहे. उपाय कुणीही सुचवो, मी एकच विचारते: यात विष गेलं कुठे? फुटून त्याचं दुसरं काही झालं, हवेत उडालं, पाण्यात उतरलं, झाडात शिरलं, की आहे तिथेच राहून फक्त तपासणीत दिसेनासं झालं? याचं उत्तर सांगणाऱ्याला देता आलं नाही तर तो उपाय बाद.

ही रसायनं इतकी चिवट का, तेवढं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डीडीटी, डिल्ड्रिन, क्लोरडेन ही कीटकनाशकं आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जायचं ते पीसीबी, यांच्या रेणूंवर क्लोरिनचे अणू असे बसलेले असतात की जिवाणूंना लचका तोडायला जागाच सापडत नाही. पाण्याशी यांचं जमत नाही, चरबीशी जमतं. डीडीटी लिटरभर पाण्यात जेमतेम काही मायक्रोग्रॅम विरघळतं. त्यामुळे ते पावसाबरोबर खाली उतरत नाही, मातीतल्या सेंद्रिय कर्बाला चिकटून वरच्या वीतभर थरात बसून राहतं. अशा चिवट रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराने २००१ साली अशी पहिली बारा रसायनं यादीत घातली. डीडीटी, आल्ड्रिन आणि डिल्ड्रिन तेव्हापासून त्यात आहेत. लिंडेन हे आणखी एक कीटकनाशक २००९ मध्ये आलं. पण फवारणी थांबली म्हणून मातीतला साठा संपत नाही. डीडीटीचं मातीतलं अर्धआयुष्य दोन ते पंधरा वर्षं असं सांगतात, आणि हा आकडाही फसवा आहे. ‘निम्मं झालेलं’ डीडीटी बहुतेक वेळा नाहीसं झालेलं नसतं, त्याचं डीडीई झालेलं असतं आणि डीडीई मूळ डीडीटीहून चिवट. आल्ड्रिनचीही तीच गत. आल्ड्रिन टाकलेल्या जमिनीत काही वर्षांनी आल्ड्रिन सापडत नाही, डिल्ड्रिन सापडतं. तेव्हा ‘आम्ही डिल्ड्रिन कधी ठेवलंच नव्हतं’ असं जुने मालक म्हणाले तर त्यांना लगेच खोटं पाडू नका.

तुमचा ३८ हा आकडा बेरजेचा आहे. प्रयोगशाळेकडून त्याची फोड मागवा: डीडीटी किती, डीडीई किती, आणि डीडीडी हा त्याचा दुसरा अवशेष किती. वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेल्या अवशेषांत डीडीईचा वाटा मोठा दिसतो. इतक्या काळानंतरही मूळ डीडीटीच वरचढ असेल तर मला सांडलेल्या किंवा पुरलेल्या मालाचा संशय येतो, कारण दाट साठ्यात जिवाणूंचं फारसं काही चालत नाही. डीडीडी जास्त असेल तर तिथे पाणी साचून मातीला हवा मिळत नव्हती असं मी धरते. धुण्याच्या जागेचा नाला बहुधा तिकडेच सापडतो. एकाच अहवालातून जागेचा इतिहास असा वाचता येतो, फक्त बेरीज घेऊन थांबायचं नसतं.

आता दोन नमुन्यांबद्दल. दोन नमुन्यांवरून १००० चौरस मीटरचा निर्णय करू नका. माझी एक जुनी चूक सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गोदामाच्या आवारातून मी सहा नमुने घेतले, सगळे बरे आले, तसं लिहून दिलं. पुढे पाया खोदताना दाराच्या उंबऱ्यापासून तीन पावलांवर पांढरट थर लागला. पोती दारातून बाहेर काढताना फाटायची, सांडलेलं झाडून तिथल्याच एका खड्ड्यात लोटलं जायचं. माझे सहाही नमुने त्या खड्ड्याला चुकवून गेले होते. तेव्हापासून मी आधी माणसांशी बोलते आणि मगच फावडं हातात घेते. माल कुठून उतरायचा, पंप कुठे धुवायचे, रिकामे डबे कुठे टाकायचे, गवत कुठे उगवत नाही, हे तिथे काम केलेल्या माणसाला विचारा. अशा एका माणसाबरोबर जागेवर मारलेली फेरी कधीकधी वीस नमुन्यांइतकं सांगून जाते.

मग जागेचे वापराप्रमाणे भाग पाडा: चौथऱ्याच्या कडा, दारासमोरची जागा, धुण्याची जागा आणि तिचा उतार, डबे टाकायची जागा, आणि उरलेलं मोकळं रान. प्रत्येक भागात तीसेक ठिकाणांहून थोडी थोडी माती घेऊन ती नीट मिसळा आणि त्या मिश्रणाचा एक नमुना पाठवा. एकाच ठिकाणची ओंजळभर माती तपासण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं असतं, कारण हे विष मातीत सारखं पसरलेलं नसतं. पुरणातल्या खड्यासारखं इथे आहे, तिथे नाही. खोलीही वेगळी ठेवा: ० ते १५ सेंटिमीटर, १५ ते ३०, आणि संशयाच्या जागी ३० ते ६०. नमुने प्लास्टिकच्या पिशवीत नको, काचेच्या बरणीत द्या. आणि एखाद-दुसरा नमुना दोन भागांत विभागून वेगळ्या नावांनी पाठवा. आकडे जुळले तर प्रयोगशाळेवर विसंबा.

तपासणीत आणखी दोन गोष्टी घाला. एक, लिंडेन आणि त्याची भावंडं, म्हणजे तेच अणू पण वेगळी मांडणी असलेले रेणू. लिंडेन बनवताना एका टनामागे सहा ते दहा टन निरुपयोगी भावंडं तयार होतात, आणि जुन्या काळी अशुद्ध मिश्रणच सर्रास विकलं जायचं. लिंडेन लिटरभर पाण्यात काही मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे डीडीटीच्या हजारपटीहून जास्त, आणि त्यामुळे ते भूजलाकडे जाऊ शकतं. दोन, आर्सेनिक, शिसं, तांबं आणि पारा. जुन्या गोदामांत यांचीही औषधं असायची. धातू ना जिवाणूंना पचतो ना आगीत संपतो. तो असेल तर उपायांची सगळी गणितं बदलतात.

आता सुचवलेल्या उपायांकडे. सुरुवात चुन्यापासून करते, कारण त्यातून विष ‘गेल्यासारखं’ फार छान दिसतं. १९९० च्या सुमारास अमेरिकेत पीसीबीने दूषित माती घट्ट करण्यासाठी कळीचा चुना मिसळला गेला आणि नंतरच्या तपासणीत पीसीबीचे आकडे खूप खाली आले. चुन्याने पीसीबी फोडलं अशी बातमी पसरली. मग तिथल्या पर्यावरण संस्थेने प्रयोगशाळेत बंदिस्त भांड्यात तोच प्रयोग केला. चुना विरताना जी उष्णता आणि वाफ निघते तिच्याबरोबर बरंचसं पीसीबी सरळ हवेत उडालं होतं. माती स्वच्छ दिसत होती आणि विष शेजाऱ्याच्या श्वासात गेलं होतं. तुमच्या डीडीटीवर चुना टाकलात तर वेगळीच गंमत होईल. अल्कली लागलं की डीडीटीचं डीडीई होतं. अहवालात डीडीटी घटलेलं दिसेल, उपाय सुचवणारा पाठ थोपटून घेईल आणि जमिनीत पहिल्यापेक्षा चिवट पदार्थ बसलेला असेल. डिल्ड्रिनला तर चुन्याने काही फरकच पडत नाही.

सूर्यफुलाचा हिशेब आपण हातानेच करू. १००० चौरस मीटरवर ३० सेंटिमीटर खोलीची माती म्हणजे ३०० घनमीटर, वजनाने साधारण ४८० टन. सगळीकडे किलोला ३८ मिलिग्रॅम धरलं, तर एकूण विष साधारण १८ किलो. आता एका हंगामात या जागेवर टनभर वाळलेला पाला-खोड निघाला असं धरा, आणि झाडांनी अगदी उदार होऊन किलोमागे १० मिलिग्रॅम विष ओढलं असं समजा. हंगामाला १० ग्रॅम निघालं. १८ किलो काढायला १८०० हंगाम. शिवाय ती टनभर विषारी काडी कुठे टाकायची हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहणार. काही धातूंच्या बाबतीत झाडांनी शोषून घेण्याला अर्थ आहे, पण मातीला चिकटून बसणाऱ्या या रसायनांना झाडं फारशी हात लावत नाहीत. याला एक त्रासदायक अपवाद आहे. भोपळ्याच्या कुळातल्या काही जाती, विशेषतः झुकिनी, डीडीई, क्लोरडेन आणि डिल्ड्रिन मुळांवाटे खेचून वरपर्यंत नेतात. काकडीतही डिल्ड्रिन उतरतं. सफाईसाठी हे फार थोडं पडतं, खाण्यासाठी मात्र फार होतं. म्हणून निकाल काहीही येवो, उघड्या जमिनीत या वेली लावू नका.

जिवाणूंवर थोडं थांबून बोलायला हवं, कारण यात तथ्य आहे आणि थोतांडही. क्लोरिनने गच्च भरलेल्या रेणूवरचे क्लोरिन काढायला हवा नसलेली परिस्थिती लागते. काही क्लोरिन गळून पडले की उरलेला सांगाडा फोडायला मात्र हवा लागते. म्हणून जाणकार लोक आलटून-पालटून काम करतात. मातीत सेंद्रिय पदार्थ आणि लोखंडाची बारीक पूड मिसळायची, भरपूर पाणी देऊन झाकायचं, काही दिवस गुदमरू द्यायचं. मग उलथून हवा द्यायची. असे फेरे काही महिने चालतात. डीडीटी आणि लिंडेनसाठी हे चांगलं लागू पडतं. लिंडेनवर जगणारे स्फिंगोबियम जातीचे जिवाणू तर दूषित मातीतच आपोआप तयार झालेले सापडले आहेत. डिल्ड्रिन हट्टी आहे. लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी डीडीटी फोडते हे १९८५ पासून माहीत आहे, पण काचेच्या भांड्यात जमतं ते उघड्या जमिनीत जमेलच असं नाही. तिथे थंडी, कोरड आणि आधीपासून वस्तीला असलेले जिवाणू यांच्यापुढे ती बरेचदा टिकत नाही.

दुसरी अडचण जुनेपणाची. वीस-तीस वर्षं मातीत राहिलेलं रसायन कणांच्या इतक्या बारीक भेगांत शिरलेलं असतं की जिवाणू तिथे पोचतच नाहीत. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत आकडे झपाट्याने उतरतात आणि मग एका जागी अडून बसतात. विक्रेते पहिल्या दोन महिन्यांचा आलेख दाखवतात. जिवाणूंचं द्रावण विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. द्रावण न फवारलेल्या शेजारच्या तुकड्यात त्याच काळात किती घट झाली? डीडीई आणि डीडीडी मोजले का? आणि मिसळल्यामुळे माती नुसतीच पातळ तर झाली नाही ना? दहा टन दूषित मातीत दहा टन खत घातलं तर जिवाणूंनी काहीच न करताही आकडा निम्मा होतो. असं ‘यश’ मी तीनदा पाहिलं आहे, त्यातल्या एकदा तर छापील अहवालासकट.

मग विष खरंच संपवणारं काही आहे का? आहे, ते म्हणजे उष्णता. व्हिएतनाममधल्या दा नांग विमानतळावर युद्धकाळात एजंट ऑरेंज हे झाडांची पानं गाळणारं तणनाशक साठवलं आणि भरलं जायचं, त्यातलं डायॉक्सिन हे क्लोरिनचं अतिविषारी रसायन मातीत उतरलं होतं. तिथे सुमारे ९०,००० घनमीटर माती आणि गाळ काढून भिंतींनी बांधलेल्या एका प्रचंड बंदिस्त ढिगात भरला, आत तापवणाऱ्या सळया उभ्या केल्या आणि सगळा ढीग ३३५ अंशांच्या आसपास तापवला. बरंचसं डायॉक्सिन तिथेच फुटलं. जे वाफ होऊन निघालं ते ओढून घेऊन पकडलं. हे काम २०१८ मध्ये संपलं. अमेरिकेतल्या टाइम्स बीच गावाची गोष्ट आणखी विचित्र आहे. धूळ बसावी म्हणून रस्त्यांवर जळकं तेल मारलं, त्या तेलात डायॉक्सिन होतं. शेवटी गाव कायमचं उठलं, आणि १९९६-९७ मध्ये तिथे भट्टी उभारून त्या गावची आणि आसपासच्या इतर जागांची मिळून सुमारे अडीच लाख टन माती जाळली गेली. आज तिथे उद्यान आहे.

यातला धडा तुमच्यासाठी उलटा आहे. घरी माती भाजू नका, शेकोटी करू नका, जुने डबे जाळू नका. क्लोरिन असलेला पदार्थ अर्धवट जळला की त्यातून डायॉक्सिन बनतं, आणि धूर २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला तर पुन्हा नव्याने बनतं. म्हणून खऱ्या भट्ट्यांत ११०० अंशांच्या वर जाळून धूर एकदम थंड करतात. ते काम डब्यात किंवा विटांच्या चुलीत होत नाही. पारा किंवा आर्सेनिक असेल तर उष्णतेने तेही हवेत जातं.

उष्णता परवडत नाही तेव्हा जगाने बहुतेक ठिकाणी काय केलं ते पाहा. इटलीत सेवेसोजवळ १० जुलै १९७६ ला कारखान्यातून डायॉक्सिन उडालं. सर्वात दूषित पट्ट्यातली वरची माती खरवडून अस्तर लावलेल्या दोन मोठ्या खड्ड्यांत पुरली आणि वर जंगल उभं केलं. तिथे आज ओकची बाग आहे, लोक फिरायला जातात. अमेरिकेतल्या लव्ह कॅनालमध्ये १९४२ ते १९५३ दरम्यान पुरलेला सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा काढलाच नाही. वर चिकणमातीचं झाकण, भोवती झिरपणारं पाणी गोळा करणाऱ्या चऱ्या, आणि कायमची राखण. या दोन्ही ठिकाणी विष गेलं कुठे? कुठेच नाही. ते तिथेच आहे, फक्त माणसापर्यंत येण्याची वाट बंद केली आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. कागदावर ‘शुद्ध केली’ असं लिहिण्यापेक्षा ‘इथे पुरलं आहे, खोदू नका’ असं लिहिणं जास्त प्रामाणिक, मात्र ते लिहिलेलं पुढच्या मालकापर्यंत पोचलं पाहिजे.

तर तुमच्या जागेपुरता खरा प्रश्न असा उरतो: विष अंगात कोणत्या वाटेने येणार? या रसायनांच्या बाबतीत ती वाट बहुतेक वेळा पाण्याची किंवा झाडाच्या रसाची नसते. प्रत्यक्ष माती तोंडात जाते ती वाट मोठी. मुलांचे हात, कोरड्या दिवसांतली धूळ, चपलांना लागून घरात आलेली माती, पालेभाजीवर पावसाने उडालेले शिंतोडे, कंदांची न सोललेली साल. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक आणि ग्वादेलूप बेटांवर १९७२ ते १९९३ केळीच्या बागांत क्लोरडेकोन नावाचं असंच कीटकनाशक वापरलं गेलं. ते आजही मातीत आहे, तिथून ओढ्यांत आणि किनाऱ्याच्या माशांत उतरलं आहे. गंमत म्हणजे ज्या केळीसाठी ते टाकलं त्या केळ्याच्या फळात ते जवळजवळ येत नाही, पण त्याच मातीत वाढलेल्या रताळ्यांत आणि इतर कंदांत येतं. एकच जमीन, तेच विष. काय लावलं यावर सगळं ठरतं.

आणि कोंबड्या. या नकोच, निदान त्या उघड्या मातीवर नकोत. मोकळी फिरणारी कोंबडी दिवसाला दहा-वीस ग्रॅम माती सहज गिळते. त्यातलं विष तिच्या चरबीत साठतं आणि चरबीवाटे अंड्याच्या बलकात येतं. भाजीसाठी चालून जाईल अशा जमिनीवरही अंडी नापास झालेली मी पाहिली आहेत. भाजी, कोंबड्या आणि मुलांचा वावर या तुमच्या तीन गोष्टींपैकी लोकांना सर्वात निरुपद्रवी वाटणारी हीच, आणि सर्वात धोक्याचीही हीच.

यापुढचं काम मी असं करेन. तपासणीत दूषित जागा एखाद्या कोपऱ्यापुरती निघाली, समजा ४० चौरस मीटर आणि अर्धा मीटर खोल, तर ती २० घनमीटर म्हणजे ३२ टन माती होते. ४८० टनांच्या मानाने हे झेपण्यासारखं आहे. तेवढीच माती परवानाधारक घातक कचरा हाताळणाऱ्यांकरवी काढून घ्यावी आणि ती जिथे पोचली तिथली पावती मागून जपून ठेवावी. काढताना माती ओली ठेवायची, धूळ उडू द्यायची नाही, ढीग ताडपत्रीखाली, आणि खोदणाऱ्यांना कण अडवणारे मास्क. फावड्याला डबा किंवा काच लागली की तिथेच थांबायचं. खड्ड्याच्या तळाचे आणि बाजूंचे नमुने घेतल्याशिवाय तो बुजवायचा नाही. घाईत बुजवलेले खड्डे मी पुन्हा उकरायला लावले आहेत आणि त्याबद्दल भरपूर बोलणीही खाल्ली आहेत.

उरलेल्या जागेत आकडे थोडेसे वर असतील तर तिथली माती काढून नेऊ नका. सक्रिय कोळसा किंवा चांगला बायोचार (काडीकचऱ्याचा कमी हवेत केलेला कोळसा) वजनाच्या दोन ते पाच टक्के या प्रमाणात वरच्या थरात मिसळला की डीडीटीसारखी रसायनं त्याला इतकी घट्ट चिकटतात की गांडूळ आणि मुळं यांच्या वाट्याला फार कमी येतं. यात विष फुटत नाही. प्रयोगशाळा जोरदार द्रावक वापरून काढेल तेव्हा आकडा जवळपास तेवढाच दिसेल, तेव्हा घाबरू नका. हा उपाय पारखायचा असेल तर गांडुळातलं किंवा भाजीतलं प्रमाण मोजावं लागतं. कोळसा मिसळताना मातीत घालायचा तो ओला करून, वारा नसलेल्या दिवशी.

भाजीसाठी मी जमिनीला हातच लावणार नाही. रंगीत जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीखाली घालायचं जाड कृत्रिम कापड, अंथरायचं, म्हणजे उद्या कुणी खोदलं तर ‘इथून खाली जाऊ नका’ हे डोळ्यांना दिसेल. त्यावर ४५ ते ६० सेंटिमीटर तपासलेली स्वच्छ माती, कडांना बांध. बाहेरून आणलेली मातीही तपासायची. एका ठिकाणी ‘स्वच्छ’ म्हणून आलेली भर मूळ जमिनीपेक्षा वाईट निघाली होती. मुलांच्या खेळायच्या जागी हाच थर, वर दाट गवत. पायवाटांवर खडी. चपला दाराबाहेर, घरात केर काढण्याआधी ओलं पुसणं. हे फार साधं वाटतं, पण रोज अंगात जाणारं प्रमाण यानेच सर्वात लवकर उतरतं.

किती आकडा चालेल, हे मी सांगणार नाही. मर्यादा देशागणिक आणि वापरागणिक बदलतात: राहत्या घरासाठी वेगळ्या, कारखान्यासाठी वेगळ्या. तुमच्याकडे लागू असलेली राहत्या जागेची मर्यादा काढा आणि फोड केलेले आकडे तिच्याशी ताडून पाहा. मातीचा पोतही बघावा लागेल. वाळूच्या जमिनीत धुऊन बारीक कण वेगळे काढणं जमतं, कारण विष बारीक कणांना आणि कर्बाला चिकटतं. चिकणमातीत तो खटाटोप वाया जातो.

जागेत विहीर किंवा बोअर आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका, वाफ्यांनाही देऊ नका. डीडीटी स्वतःहून खाली जात नाही हे खरं, पण ही औषधं बरेचदा रॉकेलसारख्या द्रावकांत मिसळलेली असायची, आणि असा डबा एकदा सांडला की द्रावक त्याला आपल्याबरोबर खोल घेऊन जातो. लिंडेनची गोष्ट वर आलीच आहे.

पाण्याचा अहवाल, डीडीटी-डीडीईची फोड आणि भागवार नमुने हाती आले की कळवा, मग काढायची माती किती आणि झाकायची किती हे नीट बोलता येईल. तोवर जमिनीत रोटाव्हेटर घालू नका. एका कोपऱ्यातलं विष सगळ्या रानात पसरवायला त्याच्याइतकं सोयीचं यंत्र नाही. आणि गोदामाचा चौथराही फोडू नका. जागा मोकळी दिसावी म्हणून सगळ्यात आधी तोच फोडायची बहुतेकांना घाई असते. पण त्याच्याखालच्या मातीवर इतकी वर्षं पाऊस पडलेला नाही, आणि तेवढं झाकण तुम्हाला आयतं मिळालेलं आहे.